एकाच माणसाचे दोन फोटो

कोणासाठी लिहितोय

ज्याच्या अंगात रोज संध्याकाळी बारीक कसर येते आणि जो ती घरात कोणाला सांगत नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय. खोकल्याची उबळ आली की कंदील घेऊन मागल्या दारी जाणाऱ्याने हे वाचावं, आणि तो का जातो हे ज्यांना कळतं पण जे विचारत नाहीत त्यांनीही वाचावं. औषधांची नावं आणि सुयांचा हिशेब मी देणार नाही. ते डॉक्टरांचं काम आहे आणि मला त्यातलं धड कळलंही नाही. मी बास्केटबॉल खेळून पगार घेणारा माणूस होतो. पुढे चौदा महिने क्षयाच्या इस्पितळात होतो. या दोन्हींच्या मध्ये मी एक लबाडी केली, तिच्याबद्दल लिहायचंय. आजवर लिहिलं नाही, कारण हिंमत नव्हती.

मोटेची कडी

मी ताम्हिणीचा. घरात शेळ्या, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. आमच्याकडे पाऊस असा की चुलीजवळ वाळत घातलेलं धोतर चौथ्या दिवशीही दमट लागतं. उंचीपायी लहानपणापासून माझी चेष्टा व्हायची, सगळी वाडी मला उंट म्हणायची. बाप म्हणायचा, "ह्याला घराबाहेर बांदा, न्हाईतर आढं उचकटंल."

पौडाला शाळेत गेलो तिथे ड्रिलचे मास्तर पूर्वी फौजेत होते. त्यांनी एका जुन्या मोटेची लोखंडी कडी काढून जांभळीच्या खोडाला ठोकली आणि मला म्हणाले, "ह्यातून चेंडू टाकायचा. बस्स, एवढंच." मला ते एवढं सोपं वाटलं की हसूच आलं. पण चार वर्षांनी त्याच 'एवढंच'वर मला पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळालं. कारखान्याला बास्केटबॉलचा संघ होता. सकाळी चार तास खात्यात उभं राहायचं, दुपारनंतर मैदानावर सराव, आणि महिन्याला पगार इतरांसारखाच. आमच्या वाडीत हे कोणाला पटेना. "चेंडू टाकायचा पगार?" असं आई तीन-तीनदा विचारायची आणि मग शेजारणीला सांगायची की भागू यंत्रावर हाय.

यात एक मेख होती. आम्ही खेळाडू पहिली दोन वर्षं कच्चे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कारखान्यांचे मोठे सामने व्हायचे, आणि त्यात जे मैदानावर असतील तेच कायम व्हायचे. ज्याचा गुडघा गेला, दम गेला, तो घरी. घरी म्हणजे माझ्यासाठी पुन्हा शेळ्या. मला शेळ्यांचा तिटकारा नव्हता, पण उंटाला रिंग सापडली होती आणि ती सोडायची नव्हती.

महाळुंग्याची खोली

संघात मुळशीकडचे आम्ही दोघेच. मी आणि नेऱ्याचा नथू. त्याच्या घरी भातखाचरं होती, बाप वारलेला, आई शेत बघायची. नथू माझ्याहून वीतभर बुटका, पण मैदानावर त्याच्या हातातून चेंडू काढून घेणं म्हणजे मांजराच्या तोंडून मासा काढण्यासारखं. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याची डावी हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडलं होतं. गावच्या वैदूने बांधलं ते वाकडं बसलं. शर्ट काढला की तिथे सुपारीएवढा उंचवटा दिसायचा. त्याला मी 'नथूचं बटण' म्हणायचो.

महाळुंग्यात नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून एक खोली होती, ती आम्ही भाड्याने घेतली. तिथून सायकलने कारखाना. खोलीला एक दार, एक झरोका. दोन वाकळा अंथरल्या की मध्ये पाय ठेवायला जागा उरायची नाही.

दर पंधरा दिवसांनी नथू नेऱ्याला जाऊन यायचा. त्याला रविवारी काम असलं तर मी जायचो. त्याची आई सगुणाबाई मला भाकरी-कालवण जेवायला घालायची आणि परत निघताना हातात एक हिरवी बाटली द्यायची, तोंडाला चिंधीचं बूच. "ताकदीचं हाय," म्हणायची. "त्याला म्हनावं अनशापोटी घ्यायचं. सांडू नगंस." बाटली कोनाड्यात कंदिलामागे राहायची. नथू पहाटे उठून माझ्याकडे पाठ करून दोन घोट घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. मी त्याला सोडतोय होय? "आईचं दूध संपलं का रं?" असं मी रोज विचारायचो.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास मला खोकला लागला. पावसाळी असेल म्हणून सोडून दिला. दिवाळीत संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं. मग एका सामन्यानंतर मैदानाच्या कडेला थुंकलो तर थुंकीत एक तांबडा दोरा दिसला. हिरडी फुटली असेल, असं मी स्वतःशी म्हणालो आणि पायाने त्यावर माती ओढली. पायाने माती ओढल्याचं मला आज जेवढं स्पष्ट आठवतं तेवढं लग्नही आठवत नाही.

कोणाला सांगायचं? सामने फेब्रुवारीत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकली. खोकला आला की सायकलला हवा भरायचं निमित्त करून बाहेर जायचो. खोलीत असलो तर वाकळ तोंडात धरायचो. जेवताना नथूचं ताट आणि माझं ताट एकच असायचं. ते मी वेगळं केलं नाही, कारण वेगळं केलं असतं तर त्याने का ते विचारलं असतं.

शेवटी त्यानेच ओळखलं. सराव संपल्यावर मी खाली बसलो होतो आणि उठवत नव्हतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"किती दिस झालं?"

"कशाला?"

"भागू, मी कानानं बहिरा न्हाई."

मी सांगितलं. त्याने गवताची एक काडी मोडली. मग म्हणाला, "फेब्रुवारीपतूर दम धर. मग बगू."

दम धरायची परीक्षा

पानशेत फुटलं त्याच वर्षीचा जानेवारी. कारखान्यात एक्स-रेची गाडी येणार अशी सूचना लागली. प्रत्येकाला पत्र्याचा नंबराचा बिल्ला मिळाला. नथूचा चाळीस, माझा एक्केचाळीस.

आम्हाला त्या गाडीबद्दल जे माहीत होतं ते आता सांगताना लाज वाटते. आम्ही कामाला लागायच्या आधीच्या वर्षी आमच्या खात्यातला एक जण गाडीत गेला होता. आतला माणूस म्हणाला, श्वास घ्या, रोखा. त्याला रोखता आला नाही, खोकला आला. त्याला बाजूला काढलं. तो परत कामावर दिसला नाही. यावरून सगळ्या खात्याने ठरवून टाकलं होतं की ती दम धरायची परीक्षा आहे. ज्याला दम धरता येतो तो पास, ज्याचा सुटतो तो गेला. फोटो वगैरे नावाला. छातीच्या आतलं बाहेरून दिसतं ही गोष्ट आमच्या बुद्धीच्या पलीकडची होती. मॅट्रिक झालेला मी, पण मलाही ती दम धरायचीच परीक्षा वाटत होती.

आठ दिवस मी खोलीत बसून दम धरायचा सराव केला. पंधरा मोजले की छातीत मांजर गुरगुरायचं आणि उबळ फुटायची. नथूचं तसं नव्हतं. तो नेऱ्याच्या विहिरीत बुडी मारून तळाची माती आणणारा. तो साठ मोजायचा आणि वर हसायचा.

"तुजा बिल्ला मला दे," तो म्हणाला.

"आणि तुझा?"

"सकाळी माजा, दुपारी तुजा. गळ्यात बिल्ला हाय का येवडंच बगत्यात. तोंड कोन बगतंय?"

मी नको म्हणालो का? नाही. एकदाही नाही. उलट विचारलं, "दोनदा जमंल ना तुला?" दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणतात ते हेच असावं.

दुपारी गाडीवरचा माणूसही बदलला होता, त्यामुळे सगळं सोपं झालं. मी पत्र्याच्या शेडमागे रुमाल तोंडात कोंबून बसलो होतो. आतून हाक ऐकू येत होती. श्वास घ्या. रोखा. सोडा. माझ्या नंबराला ती हाक झाली तेव्हा मीही शेडमागे श्वास रोखला, का कोण जाणे. नथू शर्टची बटणं लावत बाहेर आला. "पास झालास," म्हणाला आणि माझ्या हातात बिल्ला ठेवला. बिल्ला त्याच्या अंगाने गरम झाला होता. चांगलाच गरम. हिवाळ्यातल्या दुपारी पत्रा एवढा का तापावा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तो दिवस

बारा दिवसांनी दोन चिठ्ठ्या आल्या. चाळीस आणि एक्केचाळीस, दोघांनी अमुक दिवशी क्षयाच्या इस्पितळात यावं. पूर्ण कारखान्यातून सात जणांना बोलावणं होतं. त्यात आम्ही दोघं.

"आरं, तू तर पास झालास," मी म्हणालो.

"मग तूबी झालास की," तो म्हणाला. पण त्याचं तोंड उतरलं होतं. आम्ही सायकली घेऊन गेलो. दोघंही सावकाश. एरवी त्याच वाटेवर आम्ही शर्यत लावायचो.

तिथे आम्हाला पुन्हा उघडं करून मोठ्या यंत्रासमोर उभं केलं. इथे बिल्ला नव्हता, नाव विचारून लिहून घेतलं. दोन तास एका बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर 'थुंकू नये' असं लिहिलं होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं की शब्दांचा अर्थच मनात शिरेना. मग दोघांना एकदम आत बोलावलं.

डॉक्टर म्हातारे होते आणि आवाज अगदी खालचा. त्यांनी काचेच्या पेटीत दिवा लावला. त्यावर दोन लहान फोटो लावले, गाडीतले. मला कळेना, पण वाईट काहीतरी आहे हे त्यांच्या मानेवरून कळलं. ते मला म्हणाले, "तुमचं गळ्याखालचं डावं हाड कधी मोडलं होतं?"

"माझं हाड? नाही मोडलं."

"आणि तुमचं?" नथूला.

नथूने खाली बघत गळ्याखाली हात नेला.

"हे चाळीस, हे एक्केचाळीस," डॉक्टर म्हणाले. "दोन्हींत एकच हाड, एकाच जागी, सारखंच वाकडं जुळलेलं. आणि दोन्हींत डावीकडे वर हा डाग. हे एकाच माणसाचे दोन फोटो आहेत. मग दुसरा माणूस कुठे आहे?"

मी म्हणालो, "मी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आताचा माझा मोठा फोटो लावला आणि बराच वेळ बघत राहिले. माझ्या उजव्या बाजूला अंड्याएवढं भोक होतं. मला तेवढ्यात वाटलं की हे रिंगसारखं दिसतंय, आणि मी हसलो. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू तिथेच मेलं.

"किती महिने लपवलंत?"

"चार."

"एका खोलीत राहता?"

"होय."

त्यांनी चिठ्ठीवर लिहायला घेतलं. मी नथूच्या डागाकडे बघत होतो. चार महिने, एक झरोका, एक ताट. ज्याचा दम चांगला म्हणून मी ज्याला माझ्या जागी उभं केलं, त्याच्याच छातीत मी हे घातलं होतं, असं माझ्या डोक्यात बसलं. ते त्या दिवसापासून हललं नाही.

संघाचा प्रश्न चार दिवसांत मिटला. आजाऱ्याची जागा कदाचित राखली असती, पण बिल्ल्याच्या लबाडीला माफी नव्हती. दोघांचीही नावं कापली गेली. फेब्रुवारीचे सामने कोणी जिंकले ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

गादी उन्हात

इस्पितळात खाटा शेजारी मिळाल्या. माझी अकरा, नथूची बारा. सकाळी साडेपाचला तापमापी तोंडात. मग सुई. सुयांनी कान असे गुणगुणायचे की रानात रातकिडे ओरडतायत असं वाटे. मग कडू पुड्या, त्या गिळायच्या आणि ओकायच्या नाहीत, हा मुख्य खेळ. सोमवारी वजन. पाव पौंड वाढला तरी माणसं लग्नात मिरवावं तशी वॉर्डातून मिरवायची. खाटेखाली झाकणाचं भांडं. दुपारी दोन ते चार कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. आजारी फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून मला आठवड्यातून एकदा सुईने छातीत हवा भरायला न्यायचे. पूर्वी संघातल्या चेंडूत हवा भरायचं काम माझ्याकडे होतं. आता मी आडवा पडायचो आणि दुसरा कोणी पंपाकडे बघत बसायचा.

एक गोष्ट तिथे कोणी शिकवत नाही, पण चार दिवसांत कळते. व्हरांड्याच्या बाहेर एक दगडी कठडा होता. त्याच्यावर सकाळी गादी टाकलेली दिसली की रात्रीत एक खाट रिकामी झाली असं समजायचं. गादीला ऊन देतात आणि मग ती पुढच्याला. सकाळी डोळे उघडले की सगळा वॉर्ड आधी कठड्याकडे बघायचा, मग देवाला हात जोडायचा. त्या गादीवरून कोणी कधी बोललं नाही. पावसाळ्यात ऊन नसायचं तरी गादी बाहेर यायचीच, व्हरांड्यात दोरीवर. पानशेतच्या पुराच्या आठवड्यात आमच्या सिस्टरचं शहरातलं घर वाहून गेलं. तिसऱ्या दिवशी ती मागून आणलेल्या लुगड्यात कामावर आली आणि सगळ्यांची वजनं घेतली. तिने त्या दिवशी मला सांगितलं, "अर्धा पौंड वाढलास." मला तिच्यासमोर रडू आलं, आणि तिने तापमापी झटकत दुसरीकडे बघितलं. या असल्या गोष्टींवर माणूस जगतो.

पारू

माझी बायको पारू ताम्हिणीला आईबापाजवळ राहायची; लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बातमी ताम्हिणीला पोचल्यावर तिचे वडील तिला न्यायला आले. आईने माझी वाकळ जाळली, माझं ताट परसात पुरलं. मी तिला दोष देत नाही. भीतीला दुसरं काय करता येतं?

पारू वडिलांबरोबर गेली नाही. महिन्यातून एकदा ती घाटातून खाली यायची, मिळेल त्या गाडीने, आणि व्हरांड्याच्या जाळीबाहेर बसायची. पळसाच्या पानात करवंदं, नाहीतर नाचणीची भाकरी. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला म्हणालो, "जा माहेरी. माझं काही खरं नाही. आता खेळ पण गेला."

"मला तुमचा खेळ कुटं कळत होता?" ती म्हणाली. "मी काय चेंडूसंगं लगीन केलंय? तुमी चालत घरी या, बास."

आणि मग शेजारच्या खाटेकडे बघून तिने विचारलं, "नथूभावजी, तुमास्नी काय आनू?"

नथू म्हणाला, "हवा आना ताम्हिणीची. हितली लई वापरलेली हाय."

दोन ते चार

माझं भोक बुजायला लागलं. नथूचं नाही. त्याला सुया लागू पडेनात. त्याचं अंग उतरत गेलं आणि गळ्याखालचं ते बटण मोठं दिसायला लागलं. मी त्याला आता बटण म्हणत नव्हतो. श्रावणात डॉक्टरांनी सांगितलं की फासळ्या काढायचं ऑपरेशन करावं लागेल, दसऱ्यानंतर.

मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि धीर होत नव्हता. रोज ठरवायचो, उद्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बोलायची मनाई असलेल्या त्या दोन तासांत, मी उशीवर मान वळवून हळूच म्हणालो, "नथू. हे तुला माझ्याकडून लागलं."

त्याने डोळे उघडले नाहीत. "गप पड. सिस्टर येतीया."

"खरं बोलतोय. मी लपवलं नसतं तर तू—"

"तुज्या आदीचं हाय मला," तो म्हणाला.

"खोटं बोलतोस."

तो छताकडे बघून हसला. हसताना त्याच्या छातीतून करवतीसारखा आवाज आला. "बरं, खोटं बोलतोय," म्हणाला. "झोप आता."

मी एवढा खुळा नव्हतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मित्राने माझं ओझं हलकं करायला थाप मारली, हे मला कळत होतं. त्याच्या त्या थापेमुळे ओझं दुप्पट झालं.

ऑपरेशन झालं. त्यानंतर तो वेगळ्या खोलीत होता, मला भेटू देत नव्हते. नवव्या दिवशी मला हवा भरायला नेलं. परत येताना दहाची वेळ, लख्ख ऊन. कठड्यावर गादी होती. वेगळ्या खोलीतल्या गाद्यांना निळ्या पट्ट्या असायच्या. ही निळ्या पट्ट्यांची होती. माझ्याबरोबर वॉर्डबॉय होता, तो म्हणाला, "चला, उभं राहू नका, दम लागेल." मी म्हणालो, "चला." आणि चालत जाऊन खाटेवर पडलो. त्या दिवशी ताप मोजला तर नेहमीसारखाच निघाला. मला त्याचा फार राग आला.

नेरे

चौदाव्या महिन्यात मला घरी सोडलं. जाताना डॉक्टरांना मी एकच विचारलं, कोणाचं कोणाला लागलं ते फोटोवरून कळतं का. ते म्हणाले, "काचेवर डाग दिसतो. कोणी दिला ते दिसत नाही." आणि मग म्हणाले, "तुम्ही दोघंही त्या गाडीत स्वतःच्या नंबराने गेला असता, तरी निकाल हाच होता. फक्त चार महिने आधी यायला हवं होतं. दोघांनीही."

'दोघांनीही' हा शब्द माझ्या कानावरून गेला. सुयांनी कान तसेही गेलेच होते.

ताम्हिणीला जायच्या आधी मी नेऱ्याला गेलो. जायचं नव्हतं, पण न जाता घरी पोचलो असतो तर पारूने मला आल्या पावली परत पाठवलं असतं. वाटभर वाक्य जुळवत होतो. आई, तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. एवढंच म्हणायचं आणि काय होईल ते सोसायचं.

सगुणाबाई ओट्यावर भात पाखडत होती. दाराशी अडुळशाचं मोठं झुडूप होतं. पूर्वी दाट असायचं. आता हात पोचेल तिथपर्यंत ओरबाडलेलं, पानं फक्त शेंड्याला. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या पायांकडे वाकायला लागली.

"आई, हे काय!" मी मागे सरकलो.

"मला माफ कर, लेकरा," ती म्हणाली. "माज्या पोरामुळं तुजी ही गत झाली."

मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. मी माझं जुळवलेलं वाक्य म्हणायला लागलो. माझा खोकला गणपतीत लागला, मी लपवला, माझ्याकडून त्याला. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही.

"गनपतीत? आरं, त्याला त्या साली यात्रंपासनं व्हता. वैशाखापासनं. रातचा घाम, बारीक ताप. म्हनून तर अडुळसा उकळून देत व्हते." तिने झुडपाकडे हात केला. "त्यानं शपत घातली व्हती मला. म्हनला, भागूला कळता कामा नये. कळलं तर तो खोली सोडंल, मैदानावर बोभाटा हुईल, आन् मी कायम व्हनार न्हाई. मी आपली आडाणी. दर पंद्रा दिसांनी बाटली भरत गेले."

"ताकदीचं," मी म्हणालो.

"व्हय. तूच तर न्यायचास."

ओट्याच्या कोपऱ्यात हिरव्या बाटल्या होत्या. धुवून पालथ्या ठेवलेल्या, सात-आठ. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पहाटे माझ्याकडे पाठ करून घेतलेले दोन घोट आठवले. गरम बिल्ला आठवला. 'तुज्या आदीचं हाय मला.' तो खोटं बोलत नव्हता. साठ मोजेपर्यंत त्याचा दम टिकायचा, म्हणून त्याला वाटलं होतं की तो बरा आहे, दोघांपुरता बरा आहे.

माझं ओझं उतरायला हवं होतं. तसं काही झालं नाही. सगुणाबाईने पदराने डोळे पुसले आणि मग एक गोष्ट विचारली. त्यात रागही नव्हता आणि आरोपही नव्हता. आईने लेकराबद्दल शेजाऱ्याला विचारावं, तसं तिने विचारलं.

"वैशाख ते पौष तुमी दोगं एका खोलीत निजत व्हता. तुला त्याचा खोकला कदी ऐकू आला न्हाई व्हय रं?"

मी खरं तेच सांगितलं.

"न्हाई आई. मला माझाच ऐकू यायचा."